धिंदळ्यांची आगळ

"नुसती बघू नका सर, वजन घ्या," असं म्हणत बुधाबाबांनी आगळीचं एक टोक माझ्या खांद्यावर ठेवलं आणि मी गुडघ्यातच वाकलो.

दुसरं टोक त्यांच्या सुनेच्या, सगुणाच्या खांद्यावर होतं. ती जागची हलली नाही. बुधाबाबा मिशीतल्या मिशीत हसले. "ऐनाचं लाकूड हाये. पाण्यात टाकलं तर दगडावानी बुडंल," ते म्हणाले आणि माझ्याकडचं टोक पुन्हा आपल्या खांद्यावर घेऊन चढाला लागले. सत्तरीचा माणूस, अंगावर मांस म्हणून नाही. सासरा-सुनेनं दाराचा तो आठ फुटी अडसर निवळगडाच्या दरवाज्यापर्यंत वाहून आणला, तोही फक्त माझ्यासाठी. एरवी वर्षातून एकदाच, दसऱ्याला, ती आगळ घराबाहेर निघायची.

मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि पहिली ऐतिहासिक कादंबरी लिहीत होतो. निवळगडाला मोगलांनी घातलेला वेढा हा विषय. पुण्यातल्या एका दप्तरात मला एक मोडी पत्र सापडलं होतं. त्यात या गडाबद्दल एकच ओळ होती. 'दरवाजा आंतून उघडला. गड गेला.' बस. कोणी उघडला, का उघडला, काही नाही. त्या एका ओळीवर मी तीनशे पानं बेतली होती. म्हणून गड बघायला, दगड मोजायला, खाली निवळपेठेत कोणाला काही आठवतं का ते विचारायला आलो होतो. गावात शिरल्यावर पहिल्या माणसानंच सांगितलं, "धिंदळ्यांकडं जा. आगळीचा मान त्यांचा."

गडाचं दार कधीच गेलेलं. दोन्ही बाजूंच्या भिंतींत समोरासमोर दोन चौकोनी भोकं तेवढी उरली आहेत. उजवीकडचं वीतभर खोल. डावीकडचं मात्र इतकं लांब, की अख्खी आगळ त्यात मावते. दार उघडायचं तर आगळ त्या भोकात मागं सारायची. दसऱ्याला निवळाईची पालखी गडावर येते, तेव्हा धिंदळ्यांच्या घरचा कर्ता पुरुष नसलेल्या दाराला आगळ घालून आत उभा राहतो. पालखी बाहेर थांबते. आतून तो विचारतो, "कोण हाये?" बाहेरून उत्तर येतं, "धनीन हाये." असं तीनदा. मग तो आगळ सारतो, आणि देवी आपल्या गडात जाते.

"सारून दाखवता?" मी म्हटलं.

त्यांनी दाखवलं. लाकूड दगडावर खरखरत गेलं आणि भोकाच्या तळाशी असं आदळलं, की माझ्या पायाखालची फरशी हादरली. दरीपलीकडच्या कड्यावरून तो आवाज परत आला.

"ह्यो आवाज खाली पेठंत जातो," सगुणा म्हणाली. "दसऱ्याला आगळ वाजल्याबिगर कुणाच्या घरात चूल पेटत न्हाय. पोरंसुदिक उपाशी असत्यात."

मी सगळं टिपून घेत होतो. टेप काढून आगळ मोजली, भोकं मोजली, घड्याळ लावून बाबांना पुन्हा दोनदा आगळ सारायला लावली. चौदा सेकंद. बाबांना धाप लागली, पण ते खुशीत होते. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा पेरापासून बाहेर वळलेला मला तेव्हाच दिसला.

"हे काय झालं?"

"आगळीनं चावलाय," ते म्हणाले. "माझ्या बाचा बी असाच व्हता. आज्याचा बी. परत्येकाचा एकदा तरी सापडतोच भोकात. धिंदळ्याची खूण हाये ती."

तेही मी टिपलं. अंगठ्याचं तर चित्रच काढलं.

मग त्यांनी धावजीची गोष्ट सांगितली. धावजी धिंदळे, वेढ्याच्या वेळचा दरवानी, त्यांचा नऊ का दहा पिढ्यांमागचा पूर्वज. मोगल आले ते पश्चिमेच्या चोरदिंडीतून, म्हणजे कड्यालगतच्या छोट्या वाटेच्या दारातून. ते पाठीमागून आले तरी धावजी आगळीपासून हलला नाही. आगळ छातीशी धरून मेला. दार मोगलांनी मागाहून उघडलं. "आगळ सुटली न्हाय, हात तोडावा लागला म्हनत्यात," बाबा म्हणाले. "म्हनून तर मान हाये आमाला. न्हायतर आमच्यासारख्याला देवीम्होरं कोन उभं करतंय?"

मला खरं सांगायचं तर ती गोष्ट आवडली नव्हती. पत्रात 'आतून' असं होतं. चोरदिंडी म्हणजे फारच साधं उत्तर. माझ्या कादंबरीला फितूर हवा होता.

"बाबा, समजा," मी विचारलं, "कोणाला आवाज न करता दार उघडायचं असेल तर? कसं उघडेल तो?"

ते गोंधळले. असा विचार त्यांच्या घराण्यात कोणी कधी केला नसावा. पण पुण्याहून आलेला पाहुणा विचारतोय म्हटल्यावर ते भिंतीला टेकून उकिडवे बसले आणि मन लावून विचार करू लागले. लेकराला भोवरा करून द्यायला बसावं तसे. सगुणा म्हणाली, "बाबा, कशाला नस्तं?" त्यांनी तिला हातानं गप्प केलं.

"पेंढा," ते अखेर म्हणाले. "पयल्यांदा भोकाच्या बुडाला भाताचा पेंढा कोंबायचा. मग वली फडकी आगळीला गुंडाळायची, वलीच पायजेत, कोरडी घासत्यात. आन् पायानं रेटायची, हातानं न्हाय. हात थरथरतो."

मग त्यांनी अंगावरचं उपरणं काढलं, माझ्या बाटलीतल्या पाण्यानं भिजवलं आणि ते करूनही दाखवलं. आगळ भोकात गेली. काही म्हणजे काही आवाज झाला नाही.

"जमलं की!" बाबा स्वतःच चकित झाले. सगुणा मात्र त्या भोकाकडे बघत राहिली.

दुपारी त्यांच्या घरी नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं शेंगोळं खाल्लं. निघताना बाबा म्हणाले, "पुस्तकात धावजीला घाला बरं का सर. त्याचं नाव कुटं लिवल्यालं न्हाय."

मी शब्द दिला. आणि तो पाळला, हेच तर दुखणं आहे.

कादंबरी लिहून झाली तेव्हा माझ्या फितुराचं नाव राणोजी होतं. आडनाव आठवत नाही, मनानंच ठेवलेलं. प्रकाशक दातार जाणते गृहस्थ. हस्तलिखित वाचून म्हणाले, "मुकुंदराव, वेढा झकास आहे. तुमचा तो किल्लेदार जानोजी शेळके, तोही ठीक. पण फितूर कागदी वाटतो हो. डोळ्यांपुढे उभा राहत नाही."

ते मला लागलं, कारण ते खरं होतं. मग मी राणोजीला एक चेहरा दिला. काटकुळं अंग दिलं, मिशीतलं हसू दिलं, उकिडवं बसून विचार करायची लकब दिली. डाव्या हाताचा वाकडा अंगठा दिला. एकेक गोष्ट देत गेलो तसा तो बसल्या जागेवरून उठून चालायला लागला. दार उघडण्याचा प्रसंग मी एका बैठकीत पुन्हा लिहिला. ओली फडकी, पेंढा, पायानं रेटणं. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला असा दिवस आयुष्यात एकदाच मिळतो, असं मला तेव्हा वाटलं.

राहता राहिलं नाव. आगळीचा मान असलेलं घराणं, पिढीजात दरवानी, अंगठ्याची खूण. एवढं सगळं झाल्यावर 'राणोजी' खोटं वाटायला लागलं. मुद्रितं तपासता तपासता मी ते खोडून 'धावजी धिंदळे' लिहिलं. एकशे बारा ठिकाणी. एकदाही हात अडला नाही. मनात आलं ते इतकंच, की निवळपेठेत कादंबऱ्या कोण वाचतंय.

प्रस्तावनेत मी ठणकावून लिहिलं, 'या कादंबरीतील प्रत्येक व्यक्तीला अस्सल कागदपत्रांचा आणि घराण्यांत चालत आलेल्या माहितीचा आधार आहे.' आणि शेवटी, ऋणनिर्देशात, सज्जनपणे: 'निवळपेठेचे श्री. बुधा धिंदळे यांनी आपल्या घराण्यातील माहिती मोकळेपणाने दिली, आगळ उघडण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवली. त्यांचे ऋण न फिटणारे आहे.'

'निवळचा वेढा' गाजली. दोन वर्षांत चार आवृत्त्या निघाल्या. दार उघडण्याचा प्रसंग लोक मला तोंडपाठ म्हणून दाखवत. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी नाव पुढं गेलं. मी गडांवर व्याख्यानं द्यायला लागलो. निवळपेठेला एक प्रत पाठवायची राहूनच गेली.

दोन हजार साली, गणपती उठले त्याच आठवड्यात सगुणा माझ्या दारात उभी राहिली. मी आधी ओळखलंच नाही. एकटीच पुण्याला आली होती, पत्ता शोधत. पाणी प्यायली, चहाला नको म्हणाली आणि पिशवीतून पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं.

"सर, ह्याच्यात आमच्या घरातली दोन नावं हायेत," ती म्हणाली. "एक धावजीचं. एक बाबांचं."

"सगुणाबाई, अहो ही कादंबरी आहे..."

"मी सातवीपातूर शिकले. समदी वाचली. रडत वाचली." तिनं शेवटचं पान काढलं. "गावात आधी कुणी मानत न्हवतं. म्हनलं, धावजी असं करायचाच न्हाय. मग सरपंचानं ह्ये पान वाचून दावलं. म्हनला, बघा, धिंदळ्यानं सोताच सांगितलंय, करून बी दावलंय. येवढी बारीक कळ चोराच्या घरच्याबिगर कुनाला ठावं असंल?"

ते आभार मी किती कौतुकानं लिहिले होते.

"सरपंच शेळके हाये," ती म्हणाली. "तुमी किल्लेदार शेळके लिवला ना, तवापासून त्ये त्याच्या वंशातले झाल्यात. आता म्हनत्यात, आगळीचा मान आमचा. फितुराच्या हातनं देवीचं दार उघडायचं न्हाय."

जानोजी शेळके हे नाव मी माझ्या शाळेतल्या एका वर्गमित्रावरून घेतलं होतं. हे तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही.

"बाबा काय म्हणतात?"

"बाबा बोलत न्हायत. डावा हात धोतरात घालून बसत्यात. शाळंतून येनारी पोरं म्हनत्यात, बाबा, अंगठा दावा." तिनं पुस्तक मिटलं. "सर, तुमी आमच्या घरात जेवला. आन् खाल्ल्या घरचं वासं मोजून गेला."

मी खरोखरच टेप घेऊन गेलो होतो.

"काय करू मी?" मी विचारलं.

"येक कागुद लिवून द्या. ह्ये मी मनानं रचलं म्हनून. आन् दसऱ्याला या, आन् दाराम्होरं वाचा. माझं कोन ऐकनार? तुमचं ऐकतील. येवढंच."

"येतो," मी म्हटलं. "कागद घेऊन येतो."

तिनं पुस्तक तिथंच ठेवलं. परत न्यायला तयार नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी मी निवळपेठेत पोचलो, तर वेशीवर माझ्या नावाची कमान. सरपंच भानुदास शेळके हार घेऊन उभे. "सर, तुमी आमच्या गावाला इतिहास दिला!" असं म्हणून त्यांनी मला मिठीच मारली. चांगला मोकळा माणूस, लबाड म्हणावा असा नव्हे. पुस्तकावर त्याची श्रद्धा होती. माझ्या पुस्तकावर श्रद्धा असलेल्या माणसाला मी त्याआधी कधी नाकारलेलं नव्हतं. त्यात दोनच दिवसांपूर्वी दातारांचा फोन आला होता. अभ्यासक्रमाची बैठक पुढच्या आठवड्यात होती, आणि समितीला प्रस्तावना फार आवडली होती.

गडावर दरवाज्यापुढं सगळं गाव जमलं होतं. पालखी टेकवलेली. बाजूला लाउडस्पीकर. बुधाबाबा आणि सगुणा आगळ घेऊन वर आलेच होते, नेहमीसारखे. फरक इतकाच की त्यांच्याभोवती दहा हात जागा रिकामी होती. मला बघताच सगुणा जवळ आली.

"कागुद आनला?"

"कागद कशाला? बोलतो ना मी," मी म्हटलं.

सरपंचांनी माइक माझ्या हातात दिला. "सर, आता तुमीच सांगा. गावात भांडण नको. धावजीनं दार उघडलं का न्हाय?"

मी बोलू लागलो. काय बोललो ते मला शब्दशः आठवतं आणि आठवू नये असं वाटतं. इतिहास मौन बाळगतो. लेखक त्या मौनात कान लावून बसतो. व्यक्ती महत्त्वाची नसते, प्रवृत्ती महत्त्वाची. फितुरी कोणत्याही घरात जन्मू शकते. लोकांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. 'नाही' एवढा एक शब्द बोलायला मी आलो होतो, आणि तो सोडून सगळे शब्द बोललो.

टाळ्या थांबल्यावर बुधाबाबा पुढं आले. चार वर्षांत फार वाकले होते. डावा हात उपरण्याखाली होता.

"सर," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मला येकच सांगा. तुमी शिकल्याली मानसं, जुनं कागुद वाचता. आमाला काय, बानं सांगितलं तेवढंच ठावं. तुमाला कागुद घावला व्हता का?"

माझा हात कोटाच्या खिशात होता.

"एक पत्र आहे," मी म्हटलं. "त्यात लिहिलंय, दरवाजा आतून उघडला."

प्रत्येक शब्द खरा होता. बाबांनी मान हलवली. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. त्या पत्रात धावजीचं नाव आहे का, हे त्यांना विचारावंसंही वाटलं नाही, इतका त्यांचा माझ्यावर विश्वास होता. विचारलं असतं तर मी 'नाही' म्हटलं असतं, असं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण ते खोटं आहे. कारण तो प्रश्न विचारला गेला होता. बायकांच्या बाजूनं सगुणा ओरडली, "नाव कुनाचं हाये त्यात? सर, नाव सांगा!" मला स्वच्छ ऐकू आलं. त्याच वेळी कोणीतरी "निवळाईच्या नावानं..." असा पुकारा केला, हलगी वाजली, आणि मी ऐकू न आल्यासारखं केलं.

बाबांनी आगळ उचलली. एकट्यानं, कशी ते त्यांनाच माहीत. पालखीपुढं नेऊन खाली ठेवली. तिच्यावर कपाळ टेकलं. "आई, आमाला ठावं न्हवतं गं," म्हणाले.

त्यांना धावजीची लाज वाटत होती. माझ्यामुळे.

त्या वर्षी भानुदास शेळक्यांनी आगळ सारली. सवय नव्हती, अर्ध्यात अडकली. आवाज जेमतेम झाला.

कादंबरी अभ्यासक्रमाला लागली. मला पुढं बरंच काही मिळालं, ते सांगत बसत नाही. अकरा वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, एक दिवस सकाळी मी एसटीत बसलो आणि निवळपेठेला गेलो. काय निमित्त झालं असं नाही. एक जुना कोट बोहारणीला द्यायला काढला होता, त्याचे खिसे तपासले.

सगुणा घरात एकटीच होती, तांदूळ निवडत बसलेली. केस पांढरे झालेले. "या," एवढंच म्हणाली आणि पाट सरकवला. बुधाबाबांचा फोटो भिंतीवर होता आणि त्याखाली, भिंतीशी उभी केलेली, आगळ. तिला तेल लावलेलं दिसत होतं.

"ही इथं कशी?"

"त्यांनी नवी केली. सागाची. तिला भगवी मखमल गुंडाळत्यात, गोंडं लावत्यात. फोटो निघत्यात चांगलं." ती सूप पाखडत होती. "मखमलीनं आवाज व्हत न्हाय. त्यात डीजे. ही जुनी त्यांना वझं झाली, दिली आनून."

मला ओलं उपरणं आठवलं. तिलाही आठवलं असणार.

"बाबा कधी गेले?"

"सा वर्सं झाली." तिनं सूप बाजूला ठेवलं. "परत्येक दसऱ्याला उंबऱ्यात बसायचे. आगळ वाजल्याबिगर जेवायचं न्हाय. ती वाजायची न्हाय. रात व्हायची. मी म्हनायची, वाजली बाबा, डीजेत ऐकू न्हाय आली, जेवा. त्ये म्हनायचे, वाजंल. शेवटल्या वर्षी मला बघवंना. मी मागल्या दारी गेले आन् जोत्यावर मुसळ आपटलं. जोरात. आत येऊन म्हनलं, ऐकलं का, वाजली."

"मग?"

"म्हनले, 'ही ऐनाची न्हाय गं.'" तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. "पर जेवले. माझ्यासाठी जेवले."

मी खिशातून लिफाफा काढला. तिच्यापुढं धरला. तिनं हात पुढं केला नाही.

"बाबाम्होरं वाचा," ती म्हणाली.

मी उभा राहिलो आणि वाचलं. 'धावजी धिंदळे यांनी निवळगडाचा दरवाजा उघडला, याला कोणताही पुरावा नाही. उपलब्ध पत्रात त्यांचे नाव नाही. तो प्रसंग मी मनाने रचला. आगळ उघडण्याची रीत श्री. बुधा धिंदळे यांनी माझ्या आग्रहावरून, त्या वेळी विचार करून सांगितली. ती त्यांच्या घराण्यात चालत आलेली नव्हती. त्यांच्या घराण्याची मी बदनामी केली आहे.'

"मोठ्यानं," सगुणा म्हणाली. "त्यांना कमी ऐकू येत व्हतं."

मी पुन्हा वाचलं. या वेळी ती उठली आणि तिनं पुढचं दार सताड उघडलं, खिडकीही उघडली. "आता उंबऱ्यात येऊन वाचा."

मी उंबऱ्यात आलो. समोरच्या ओट्यावर दोघी-तिघी बायका बसल्या होत्या, त्यांनी माना वर केल्या. गल्लीच्या तोंडाशी भानुदास शेळके मोटरसायकल लावत होते. त्यांनी मला ओळखलं, दोन्ही हात जोडले, "अरे, सर! कळवायचं तरी!" म्हणत पुढं येऊ लागले. मी वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य बरं गेलं. दुसऱ्याला आवाज खाली आला. तिसरं मी ओठांतल्या ओठांत वाचलं. मी मुद्दाम केलं नाही. आवाज आपोआपच बसला, त्याला चाळीस वर्षांची सवय होती.

सगुणानं माझ्या हातातून कागद घेतला. ओढला नाही, घेतला. पदर खोचला आणि स्वतःच वाचू लागली. सातवीतली मुलगी वाचते तसं, एकेका शब्दावर बोट ठेवून, पण असा आवाज काढून, की ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि शेळके होते तिथंच थांबले. 'तो. प्रसंग. मी. मनाने. रचला.' एकही शब्द तिनं गिळला नाही. सगळा कागद वाचून झाल्यावरही तिचं बोट खाली सरकत राहिलं, कोपऱ्यातल्या तारखेवर आलं.

"पाच ऑक्टोबर दोन हजार," तिनं वाचलं. मनाशी काहीतरी जुळवत होती. "ही तर त्या दसऱ्याच्या दोन दिस आधीची तारीख."

"हो."

"म्हंजी तवा लिवला व्हता."

"हो."

"बाबांनी इचारलं, तवा कुटं व्हता कागुद?"

"खिशात," मी म्हटलं.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिनं कागद माझ्यापुढं धरला आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. सहीवर.

"ह्ये तुमी वाचा," ती म्हणाली. "येवढं तरी."

मी गल्लीकडं तोंड केलं आणि माझं नाव सांगितलं. मुकुंद नारायण सरपोतदार. खणखणीत, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायला मला कधीच अडचण आलेली नाही.